रात्रीचं रक्त

हे जंतू दिवसा सापडत नाहीत.
दिवसभर आत कुठेतरी फुप्फुसांत दडून असतात
आणि रात्री दहानंतर, माणूस निजला की
कातडीजवळ येतात,
डासाची वेळ पाठ असल्यासारखे.
म्हणून आम्हीही दहानंतरच निघायचो,
मी आणि हणमंत शिंगटे,
एक टॉर्च, काचपट्ट्यांची लाकडी पेटी, स्पिरिटचा कापूस,
भंगारवाल्यांच्या मागून
खाली, विश्वामित्रीच्या काठाला.

पुरात त्या वस्तीचं बेट होतं.
पूर ओसरतो, पण पाणी जात नाही,
टायरांत राहतं, संडासाच्या फुटक्या टाकीत राहतं,
काळं, जाड, महिनोन्महिने.
मगरींबद्दल विचारलं की सगळे एकदम बोलतात:
कुठली एका डोळ्यानं अधू,
कुठलीनं नटुभाईची शेळी ओढून नेली.
डासांबद्दल विचारलं तर,
ए तो होय, बेन.

पहिल्या वर्षी दारंच उघडेनात.
मध्यरात्री रक्त मागायला कोण येतं?
हे विकतात म्हणे.
हणमंतानं मग प्रत्येक दारात
आधी स्वतःचं बोट टोचून दाखवलं.
अकराव्या दाराशी त्याला नवं बोट उरलं नाही.
आतून एक म्हातारी हसली,
आणि आपला हात पुढे केला. काशीबेन.
दुसऱ्या हातानं ती साडी सारखी करत होती
डाव्या पायावरून.

घरी पोचायला एक वाजायचा.
दांडिया बाजारात कुत्री तेवढी जागी,
आणि खिडकीत आई.

सकाळी काचा रंगात बुडवल्या, पाहिल्या.
काशीबेनच्या थेंबात काहीच नव्हतं.
असंच असतं पुष्कळदा, पाय सुजवून ते संपून गेलेले असतात.
तिच्या नातवाच्या थेंबात सतरा.
अकरा वर्षांचा जिग्नेश, वस्तीतला सगळ्यात जोरात पळणारा.
मी परत मोजले. सतराच.

मग गोळ्या, दरवर्षी, आमच्यासमोर गिळायच्या.
गालात धरून ठेवणाऱ्याला हणमंत म्हणायचा,
आता गाणं म्हण बघू.
सातव्या वर्षी दुसरीतली पोरं रांगेत,
पट्टीवर एक रेघ, एकच,
पुढच्याला एकच, त्याच्या पुढच्याला एकच.
रजिस्टरात मी शून्य लिहिलं.
पेन नीट चाललं नाही म्हणून
परत गिरवलं.

काशीबेनला सांगायला दिवसा गेले.
पहिल्यांदाच तिचं घर उन्हात पाहिलं, भिंत पोपटी आहे.
ती म्हणाली, गेला ना रोग? चांगलं झालं.
आणि पायाकडे बघितलं.
मीही बघितलं.
याला आमच्या तक्त्यात रकाना होता एक,
पण त्यात घटणारा आकडा नव्हता.

आता शनिवारी जाते. टब, साबण, जुनं मऊ फडकं.
दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटामधली फट
कोरडी राहायला हवी,
हे मीच तिला शिकवलं होतं.
आज घाईत मी तशीच उठायला लागले
तर म्हणाली, बेन,
इथे ओलं राहिलं.