जपलेली चिंधी

फैजपूरला सुपडूअप्पा
मंडपाचं कापड भाड्यानं देतात.
लग्नसराई सरली की पेटीच्या तळातून
एक लाल चिंधी काढतात,
त्याच ताग्याची, उन्हाला न दाखवलेली,
आणि विटक्या छताला लावून बघतात.
‘एवढं खाल्लं यंदा.’
म्हणजे सूर्यानं.
लगेच घडी, लगेच झाकण.

मी त्यांची धाकटी.
आमचं यंत्र वर, हवेच्या पलीकडे,
सूर्याचं जांभळ्यापल्याडचं ऊन मोजतं.
हवा जे खाली येऊ देत नाही, ते.
तीन वर्षं आकडा उतरतोय.
सूर्य मंदावला,
की बघून बघून काच अंधारली?

आत एक जोडकाच आहे, झाकलेली.
वर्षातून दोनदा, काही मिनिटं, उघडतो.
काल उघडली.
उतार बहुतेक आमच्याच डोळ्याचा निघाला.
उरला तो सूर्याचा :
शंभरात एक, तोही जेमतेम.

रात्री अप्पांना फोनवर सांगितलं.
‘इथं सत्तेचाळीस हाये,’ म्हणाले,
‘केळीची पानं करपली बांधावरची.’
मग थोडं थांबून,
‘पन चिंधीबी दर खेपी उघडली का
थोडी जातेच नं व माय?’

तेही धरतो हिशेबात, म्हटलं.
कसं धरता,
ते त्यांनी विचारलं नाही.