प्रश्नचिन्हाची फळी

आधी आडनाव सांगते: चुक.
हसू नका. आपल्याकडे लिहून पाहिलं तर शाई ओशाळते,
पण ल्युब्लियानाच्या वर, डोंगरातल्या त्या खेड्यात
चुक म्हणजे पिंगळा,
रात्रभर जागा राहणारा.

झ्देन्का चुक. पोस्टातून निवृत्त. मधमाश्यांच्या पेट्या सात.
आणि मधपाळांचा तो फुकटातला प्रोग्राम,
राणी कधी बदलली, कुठली पेटी आजारी,
लिंडनचा मध किती, चेस्टनटचा किती,
त्याची ती कुणीच नव्हती.
बनवणारी नाही, विकणारी नाही.
नुसती वापरणारी,
आणि दुसऱ्याचं अडलं की
अंथरुणात उठून बसणारी.

यंदा मंडळाने ठरवलं, आभार मानायचे.
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बाकं मांडली.
पाण्याच्या नळ्यांचा ओला रबरी वास, अक्रोडाचा केक,
आणि खजिनदार ब्लाझ आकडे वाचतोय:
दिलेली उत्तरं चार हजार एकशे बारा,
भाषांतर केलेली वाक्यं नऊशे,
उत्तराला लागलेला सरासरी वेळ एकोणीस मिनिटं.
टाळ्या.
मोजलेल्या गोष्टींना वाजतात तशा.

बोगोमिरचे हात मांडीवरच.
त्याला एकच उत्तर आठवतंय,
जे उत्तर नव्हतंच.

नवी आवृत्ती घेतली त्या फेब्रुवारीत
त्याची अकरा वर्षं गेली.
अकरा वर्षांच्या राण्या, त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी.
पडद्यावर पांढरं, खिडकीबाहेर पांढरं.
मध्यरात्री त्याने लिहिलं, शिव्यांसकट.
लोक म्हणाले, बॅकअप घ्यायला हवा होता.
(खरंच होतं ते. म्हणून तर लागलं.)
तिने लिहिलं:
"मला माहीत नाही.
पण फाईल पुसू नका. मी जागी आहे."

चार वाजता सापडलं.
दिवसाने आणि महिन्याने जागा बदलल्या होत्या.
त्याच्या राण्या जन्मल्या होत्या
तेराव्या महिन्यात, बाविसाव्या, एकोणतिसाव्या,
आणि असले महिने नसतात म्हणून
यंत्राने त्यांना अगदी नम्रपणे
दाराबाहेर उभं केलं होतं.
तारखा तिने सरळ करून दिल्या नाहीत.
त्याला करायला लावल्या, एकेक,
आणि दुसऱ्या टोकाला नुसती बसून राहिली.

तर आता बक्षीस.
पेटीची दर्शनी फळी, तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे रंगवलेली:
फांदीवर पिंगळा,
खाली माश्यांची रांग, प्रत्येकीच्या हातात अर्ज.
वर नाव.
रोझाने मन लावून काढलेलं,
छापील यादीतून जसंच्या तसं उतरवलेलं:
झ्देन्का ?उक.

हॉल गप्प.
डोक्यावर छोटी टोपी घातलेलं ते पहिलं अक्षर
प्रोग्राम छापताना गिळतो, गेली सहा वर्षं,
आणि गेली सहा वर्षं ती
त्याच्यामागे हात धुऊन लागलेली.

ब्लाझचे कान लाल. रोझा ब्रश शोधायला निघालेली.
झ्देन्काने चष्मा चढवला, फळी उजेडात धरली.
"बघा," म्हणाली, "तक्रार अजून उघडीच आहे,"
आणि अशी हसली
की खिडकीतलं मांजर उठून दुसरीकडे गेलं.
मग पहिल्यांदा बोगोमिरने टाळी वाजवली,
जरा उशिराच, एकट्याने.

नाव तिने दुरुस्त करू दिलं नाही.
मार्च संपताना फळी बसली सातव्या पेटीवर.
करड्या माश्या प्रश्नचिन्हाखालच्या फटीतून
आत जातात, बाहेर येतात.
एक तेवढी त्या पिवळ्या रंगावर उतरली,
फूल आहे का, चाचपून पाहिलं,
नव्हतं.
कामाला गेली.