अक्षरामागे चारशे

अक्षरामागे चारशे द्राम, हा माझा भाव.
थडगं असो की कोनशिला, भावात फरक नाही.
मेलेला माणूस घासाघीस करत नाही
आणि गव्हर्नरसाहेब तर मुळीच नाहीत.
बाग्रातसाहेबांच्या नावामागे पदव्यांची शेपटी,
ती जितकी लांब तितका माझ्या घरात उजेड.
बायको म्हणायची, देव त्यांना आणखी एखादी पदवी देवो.

त्या वर्षी दगड छान लागला होता.
आमच्या डोंगरातला गुलाबी तूफ,
छिन्नीखाली भाकरीसारखा मोडतो
आणि शंभर वर्षं अक्षर सोडत नाही.
मी कोरलं: वीस खाटांचं रुग्णालय,
अमुक तारखेला, अमुक यांच्या शुभहस्ते.
स्वल्पविरामाचे पैसे मी कधीच लावत नाही.

कोनशिला बसवायला भिंत लागते,
म्हणून त्यांनी एक भिंत बांधली.
फीत कापली, बँड वाजला,
शाळेतली पोरं थंडीत दोन तास उभी,
मग मोटारी खाली उतरल्या
आणि भिंतीच्या मागे कोणी गेलंच नाही.
मागे होतं काय? गवत,
सिमेंटच्या अकरा गोण्या पावसाने दगड झालेल्या,
आणि संध्याकाळी सावलीला येणाऱ्या
गारेगिनच्या शेळ्या.

पैसे घ्यायला गेलो तेव्हा कारकुनाने पावती सरकवली.
बावीस हजार आठशे हातात,
दोन लाख अठ्ठावीस हजार कागदावर.
म्हणाला, मुशेघ, एक शून्य तर आहे.
पेन त्याचंच होतं, चांगलं, जड.
चाळीस वर्षं मी दगड फोडतोय,
हाताला घट्टे, फुफ्फुसात गुलाबी धूळ.
इतकं सोपं काही कधी कोरलं नव्हतं.
एक गोल. आवाजसुद्धा झाला नाही.

त्यावर मी नवी करवत घेतली.
हे सांगायलाच हवं.

चौथ्या हिवाळ्यात आईच्या छातीत कफ दाटला.
घाटात बर्फ, ग्युम्रीची रुग्णवाहिका
पलीकडच्या वळणावर अडकलेली.
मेहुण्याच्या ट्रॅक्टरमागे गाद्या घालून निघालो.
भिंतीपाशी आलो तेव्हा आईने मान वळवली.
तिला वाचता येत नव्हतं,
पण माझं काम तिला ओळखता यायचं,
अक्षराच्या पोटातल्या वळणावरून.
हे तुझं ना रे, म्हणाली. छान झालंय.
त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

आवारात तेव्हा एकच दगड शिल्लक होता.
साहेबांच्या पुढच्या पुलाचा, नाव अर्धं कोरलेलं.
मी तो उलटा केला.
वार्तुही, दोन तारखा, बस्स.
अंत्यविधीला साहेबांकडून फुलांचं चक्र आलं,
माणसाच्या उंचीचं.
ते नेमकं दगडाच्या पाठीला टेकवून ठेवलं गेलं,
त्यांच्याच अर्ध्या नावावर.
शुशानिक हसली, मग तोंडाला रुमाल लावला.

गेल्या महिन्यात राजधानीतून तपासनीस आली.
नाझेली नावाची, वयाने माझ्या धाकटीएवढी,
बुटांना चिखल, हातात पावतीची प्रत.
सही तुमचीच का?
कारकुनाने आदल्या रात्रीच फोन केला होता:
म्हातारपणी नजर अधू होते, मुशेघ,
कागदावरचं दिसलंच नाही म्हण.

मी तिला भिंतीपाशी घेऊन गेलो.
शेळ्या उठल्या नाहीत.
तिने अक्षरांवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली,
शेवाळ नखाने खरवडत, ओठ हलवत,
पदव्यांपाशी चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
सत्तावन्न, म्हणाली.
सत्तावन्नच, मी म्हणालो.
तिने वहीत गुणाकार केला
आणि पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

मग हे वरचं शून्य?

ते दगडावर नाही, पोरी.
ते मी कागदावर कोरलं.
लिही.