हलव्याच्या तोंडात

पहाटे चारला ताम्हिणी चढून टेम्पो येतो,
गणेश पेठेत बर्फाच्या पेट्या उतरतात.
हर्णैचं पाणी तोवर
डांबरावर ठिबकून संपलेलं असतं.

गुलाबबाई परदेशी माझ्यासाठी
श्रीखंडाचा रिकामा डबा बाजूला ठेवते.
गिऱ्हाइकं यायच्या आधी हलव्याचा जबडा उघडून
चिमटीनं काढते तो किडा:
पांढरट, चौदा पायांचा, अंगठ्याच्या पेराएवढा,
जिभेच्या जागी जीभ होऊन बसलेला.
"गिऱ्हाइकानं ह्यो बघितला तर पुन्हा येत न्हाई.
तुम्ही एकट्याच बाई, ज्यांना किडका मासा लागतो."

प्रबंध माझा नव्हता, सरांचा होता.
सर निवृत्त झाले, अमेरिकेला मुलाकडे गेले,
मोजणी माझ्याकडे राहिली.
मी प्रयोगशाळेत मदतनीस; काचपट्ट्या धुता धुता
कल्ले वाचायला शिकले.

बांगड्याच्या कल्ल्याला दर बाजूला चार कमानी,
आणि प्रत्येकाची जागा ठरलेली.
हा चपटा, आकड्यांचा, दुसऱ्या कमानीच्या टोकाशी;
ही अंड्यांच्या दोन माळा सोडून बसलेली, अगदी मुळाशी;
कुणी कुणाच्या उंबऱ्यावर पाय देत नाही.
पहिल्या वर्षी मळमळायचं.
मग कधीतरी भिंगाखाली एक आळी दिसायला लागली,
दारं, गच्च्या, वाळत घातलेलं काहीबाही.

तारलीच्या डोळ्यात एक रोवलेला असतो, दोऱ्यासारखा.
ती पोहताना तो मागे फडफडत असणार.
(असणार म्हणते,
कारण समुद्र मी दोनदाच पाहिला.)

पुस्तकात माशाला पोशिंदा म्हटलंय.
गुलाबबाई हसली: "पोशिंदा म्हंजी आमचा बाप.
आम्ही सात जणं चिकटलेलो.
पर मेला तो दारूनं, आमच्यानं न्हाई."

माझी खोली सदाशिव पेठेत.
फोनवर "उद्या चार हलवे ठेव" ऐकून
आगाशेबाई जिन्यातून विचारतात, गाजराचा का गं?
मी हो म्हणते.
बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुते, लिंबू चोळते,
आणि मग वर जाते.

तो आधी नर असतो, कल्ल्यात राहतो.
तोंडातली जागा रिकामी असली तर पुढे सरकतो
आणि मादी होतो.
होते.
पोटाखालच्या पिशवीत पिल्लं सांभाळते.
ती सुटतात उघड्या पाण्यात
चार दिवसांची शिदोरी घेऊन;
तेवढ्यात दुसरा मासा जवळून गेला पाहिजे.
म्हणजे गर्दी पाहिजे.
म्हणजे अंगाला अंग घासत जाणारा थवा पाहिजे,
नाहीतर पाणी नुसतंच मोठं.

पहिल्या वहीत शंभर हलव्यांत एकतीस.
पुढच्या वहीत एकोणीस.
नारळीपौर्णिमेनंतरच्या मालात एका वर्षी सहा.
यंदा दिवाळीपासून डबा कोरडा.

"बघा, माल कसा साफ यायला लागला!"
गुलाबबाई खूश होती.
हलवे तळहाताएवढे, जेमतेम.
मी तिला थव्याचं सांगितलं,
पिल्लांच्या शिदोरीचं.
तिनं सुरा बर्फावर आडवा ठेवला.
बराच वेळ गिऱ्हाइकाकडे बघितलंच नाही.
"म्हंजी बिऱ्हाड गेलं," ती म्हणाली,
"ते घरच ऱ्हायलं न्हाई म्हणून."

काल शेवटचा हलवा मी स्वतः उघडला.
जीभ होती. आखूड, फिकी,
कुणी कधी न बळकावलेली.
वहीत शून्य लिहिलं, तारीख लिहिली,
डबा धुऊन तिला परत द्यायला गेले.

तिनं घेतला नाही.
"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.
उद्याचा टेम्पो रत्नागिरीचा हाय."