छप्पन्न खटके

जांबोटीच्या अलीकडं, बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत
आप्पांनी लाल भिंतीला कॅलेंडर टोचलं.
निपाणीच्या तंबाखूवाल्यानं वाटलेलं, गेल्या सालचं,
अर्धं कानडी, अर्धं मराठी.
सतरा तारखेभोवती कोळशानं गोल काढला
आणि शंभर पावलं मोजत माघारी आले.
पलटणीत आर्मरर होते,
पाऊल अजून यार्डाचंच पडतं.

दगडावर कोंड्याचं पोतं,
पोत्यावर तीनशे पंधराची रायफल,
रायफलीवर ती दुर्बीण.
आणि मी मागं, काडतुसांचा डबा धरून,
देवळात चप्पल सांभाळावी तसा.

गेल्या सुगीपासून पाच गोळ्या वाया गेल्या होत्या.
डुकरं रताळ्याचे वाफे उकरायची,
आप्पा माळ्यावरून गोळी सोडायचे,
उजाडल्यावर आम्ही रक्ताचा थेंब हुडकत हिंडायचो.
एक गोळी काजूच्या बुंध्यात सापडली,
एक बसलिंगमामाच्या पाण्याच्या टाकीत.
टाकीचे पैसे आप्पांनी मुकाट दिले.

"नजर गेली," म्हणाले. खडेबाजारातून चष्मा आणला.
मग म्हणाले, "हात हलतोय,"
आणि चहाची बशी दोन्ही हातांनी धरू लागले.
एकदा जेवताना, मीठ मागावं तसं,
आईला म्हणाले,
औंदा परवाना नवा करायचा नाही.

म्हणून मीच म्हटलं, एकदा कागदावर बघूया.

पहिली गोळी. खाण बराच वेळ बोलत राहिली.
डोळ्याची दुर्बीण न काढता बसलिंगमामा म्हणाले,
"केळगे. एडक्के."
खाली. डावीकडे.
दुसरी. "केळगे, एडक्के."
तिसरीला ते काही बोललेच नाहीत,
नुसती मान हलवली.

तिघं चालत गेलो.
सतरा तारीख कोरी करकरीत.
वीतभर खाली, आठ बोटं डावीकडे,
सात तारखेच्या चौकोनात तीन भोकं,
एका लिंबाखाली झाकतील एवढ्यात.
"शनिवार!" आप्पा म्हणाले. "शनीच लागला होता की गा."
मग भोकांवरून बोट फिरवत, हळू,
"इस्कटल्या असत्या तर दोष माझा.
दम, बोट, म्हातारपण, काय म्हणशील ते.
ह्या तिघी एकाच घरी गेल्यात.
हात ठीक हाय.
खरं, काच खोटं बोलूलाल्या."

परत येऊन त्यांनी दुर्बिणीचं कडं उजेडात धरलं.
खालच्या अंगाला दबका, तांदळाएवढा.
"पडल्या ही कधीतरी."
विचारलं नाही. नुसतं म्हटलं.

गेल्या खंडेनवमीला, पूजेसाठी माळ्यावरून काढताना
हातातून निसटली होती.
आप्पा न्हाणीत होते.
मी धोतराच्या सोग्यानं पुसली,
हळद-कुंकू वाहिलं,
आणि लागलेल्या जागेवर
झेंडूचं एक मोठं फूल ठेवलं.
वर्षभर ते फूल तिथंच होतं.

"खंडेनवमीला," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही.
चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला.
"चार खटक्यांना एक इंच," म्हणाले.
"वर बत्तीस, उजवीकडं चोवीस. तू फिरव."

मी बसलो. नखाएवढ्या चकतीत
घड्याळातल्यासारखा बारीक आवाज,
बोटालाच ऐकू येणारा.
एकविसाच्या पुढं कुठंतरी मोजणी चुकली.
हात थांबला.
"परत पहिल्यापासून घेऊ?"
"नको. मी मोजूलालोय. सव्वीस झाले."

चौथी गोळी सोळा आणि सतराच्या मधल्या रेघेवर बसली.
"आणि दोन खटके," आप्पा म्हणाले,
आणि काडतूस घालताघालता
बसलिंगमामांकडं वळून कानडीत म्हणाले,
टाकीचे पैसे आता ह्याच्याकडनं काढायचे.
कानडीत, मला कळू नये म्हणून.
जांबोटीत कानडी कुणाला कळत नाही?

मी डबा पुढं केला.