जोखमींची यादी

मुदत सात वर्षं. व्याज डॉलरमध्ये, सहामाही.
वाद उद्भवल्यास लंडनचं कोर्ट.
पान एकशे बारावर आमची बाणकोटची खाडी:
‘गाळ साचण्याची शक्यता.’

हसनमियाँ मुकादम हसले. तीस वर्षं तांडेल.
गाळाला शक्यता म्हणतात होय?

मी यार्डाचा हिशेबनीस.
त्यांना सांगितलं, हे डॉलर अमेरिकेत राहतच नाहीत.
लंडनच्या बँकेत निजतात,
सिंगापुरात रोखे होऊन विकले जातात,
मग इथे येतात, बार्जचा पत्रा होऊन.
म्हणजे आमच्या इक्बालसारखे, ते म्हणाले.
पासपोर्ट इथला, बिछाना कुवेतचा,
जहाजावर झेंडा पनामाचा,
आणि पनामा कुठे ते त्यालाही ठाऊक नाही.

मार्चात रुपया घसरला.
नवा पैसा घेतला नव्हता, तरी कर्ज चढलं,
बांधलेल्या होडीखाली पाणी चढतं तसं.
उधाण, ते म्हणाले.
मग जरा थांबून:
पण याचा भांग कुठल्या तिथीला?

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

संध्याकाळी ते धक्क्यावर दोर सोडत होते.
किती सोडता?
दोन वाव. वर एक हात.
तो हात कशाला?
माझा अंदाज चुकला तर.

आमच्या करारातही असा हात घालता आला असता.
बँकेने त्याचा दर कळवला होता.
संचालकांनी त्यावर लाल पेनाने लिहिलं,
अनावश्यक.
फाईल अजून माझ्याच कपाटात आहे.