आस मोडला

सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या उजव्या चाकापाशी
गोळी सुटल्यासारखा आवाज आला.
चारशे ऐंशी घोडे बोनेटखाली खिंकाळत राहिले,
पिवळी गाडी हातभर सरकली आणि थांबली.
मागच्या पिकअपमधल्या बाईने हॉर्न वाजवला नाही.
नेब्रास्कातल्या एका सिग्नलच्या गावात
कोण कुणाला हॉर्न वाजवतं.

मला इथं जरा जपून लिहावं लागतंय.
आस मोडला, असंच लिहायचं.
काना जाऊन वेलांटी आली
तर चाकाची गोष्ट भलतीकडेच जाईल,
आणि व्हर्लिन कुबिचेकला तसलं काही चालणार नाही.
तो सायलोच्या काट्यावर बसतो,
मक्याचं वजन लिहितो, मक्यातलं पाणी लिहितो.

लिंकनच्या शोरूममधल्या पोराने, ब्रॉडी त्याचं नाव,
पडद्यावर बोट ठेवून दिवस मोजले.
वॉरंटी एकोणीसला संपली, आज तीस.
अकरा, तो म्हणाला,
आणि खरंच वाईट वाटल्यासारखा दिसला.
मग टायरांकडे बघत हळूच:
रेसला नेली होती का कधी?
नवा आस तेवीसशे डॉलर, मजुरी वेगळी,
सहा आठवडे तरी धरा.

व्हर्लिनच्या तोंडात भांडण तयार होतं.
पण गेल्याच शनिवारी त्याने एमेट सोकोलचे पैसे कापले होते,
ओलावा अर्धा टक्का जास्त म्हणून,
वर म्हणाला होता, काटा माझ्या बापाचा नाही, एमेट.
त्याने भांडण गिळलं.

आर्डिथ झेलेनी सत्तरीची. तिचा लेथ तिच्याहून थोरला.
तिने तुटकं टोक रॉकेलमध्ये धुतलं,
खिडकीपाशी नेलं, आणि
दुधाचा हिशेब तपासावा तसं बघत राहिली.

ही काळपट गुळगुळीत बाजू बघ, ती म्हणाली.
कडेपासून आत सरकत गेलेल्या रेघा,
तळं आटताना काठावर उमटतात तशा.
ही फट वर्षाची तरी आहे.
आणि हा चमकता, साखरेसारखा रवाळ भाग,
एवढाच परवा तुटला.
बाकीचा केव्हाच तुटला होता.
त्याच्यावरच फिरत होतास तू.

वर्षाची! म्हणजे वॉरंटीतली!
व्हर्लिन उठूनच उभा राहिला.
फोटो काढ, सही दे, मी कंपनीला लिहितो.

लिही की, ती म्हणाली.
पण तिथंही कुणीतरी वाचता येणारं असेल.
विचारील, पहिली रेघ कशाने पडली?

तो खाली बसला.

मागचा ऑगस्ट. रात्रीची ड्रॅग स्ट्रिप, दिव्यांवर किडे.
शेजारच्या सीटवर मारेक, चौदाचा,
घराची दोन घरं झाल्यापासून
बापाशी हो-नाहीपलीकडे न बोललेला.
दिवा बदलला. पाच हजारांवर क्लच सोडला.
पोरगा पाठीमागे आपटला आणि हसला,
दातांच्या तारा दाखवत, पाव मैलभर,
तेरा सेकंद.
पुन्हा, डॅड.
पुन्हा म्हणजे त्या रात्री सहा वेळा.

आर्डिथने काही विचारलं नाही.
माझं पोलाद कंपनीच्याहून बरं आहे, म्हणाली,
नऊशे, दोन आठवडे.
आणि पुढच्या वेळी क्लच जरा मायेने सोड.
पुढच्या वेळी, तो म्हणाला. मान हलवली की नाही,
सांगता येत नाही.

तुटका तुकडा आता काट्याच्या खोलीत
पावत्यांवर ठेवलेला असतो, काळी बाजू वर.
एमेट आला. मका पंधरा पॉइंट नऊ निघाला.
व्हर्लिनने पंधरा पॉइंट नऊच लिहिलं.
मग बाहेर जाऊन
ट्रकचं गंजलेलं फळकूट उघडायला त्याला हात दिला,
जे त्याचं काम नव्हतं.

परत येऊन एमेटने तो तुकडा उचलला, तळहातावर तोलला.
हे कधी झालं?
व्हर्लिन पावती फाडत होता.
जुनंच आहे, म्हणाला.